सहीची दहा मिनिटं

तेरवी आटोपते, बाहेरगावचे पाहुणे परततात आणि मग कुणीतरी कपाटातून प्लास्टिकची फाइल काढतं. फाइलीत तीन पानं. वर ठळक अक्षरात ‘मृत्युपत्र’, शेवटी वडिलांची सही, बाजूला दोन साक्षीदारांच्या सह्या. नागपुरातल्या मनीषनगरचं घर आणि हिंगण्याकडची अडीच एकर शेती, सगळं थोरल्याच्या नावानं. ‘दादा, हे बाबांनी कधी केलं?’ बहीण एवढंच विचारते. पुढे सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात कित्येक तारखा याच एका प्रश्नावर खर्ची पडतात.

वकिलाच्या टेबलाशी पहिल्यांदा बसलेला माणूस न्यायाची भाषा बोलतो. बाबांचं दुखणं मी काढलं, दादा पुण्यात होता, मग सगळं त्यालाच कसं? हे पूर्ण ऐकून घ्यावं लागतं, कारण ते खरं असतं आणि बोलणाऱ्याच्या जिवाला लागलेलं असतं. पण स्वतःच्या कमाईची मालमत्ता हवी त्याला देण्याचा अधिकार बापाला आहे. एका लेकराला वगळलं एवढ्या एका कारणावर मृत्युपत्र पडत नाही. कोर्ट विचारतं ते वेगळंच. सही झाली ती दहा मिनिटं कशी होती? खोलीत कोण होतं, मजकूर कुणी सांगितला, कुणी टाइप केला, वाचून कुणी दाखवला, आधी सही कुणाची झाली? सगळा दावा या दहा मिनिटांभोवती फिरतो, म्हणून पुराव्याची जमवाजमवही पहिल्या दिवसापासून त्याच अंगानं करायची.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मध्ये या दहा मिनिटांचा साचा आहे. मृत्युपत्र करणाऱ्यानं सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदारानं ती सही होताना पाहिलेली असली पाहिजे, नाहीतर करणाऱ्यानं ‘ही माझीच सही’ असं त्याला स्वतः सांगितलेलं असलं पाहिजे. आणि प्रत्येक साक्षीदारानं आपली सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष केली पाहिजे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं बंधन नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कोरा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, नोटरीचा शिक्काही नाही. उलट नोटरीचा शिक्का आहे म्हणजे काम पक्कं, या समजुतीत लोक साक्षीदारांकडे दुर्लक्ष करतात. नोटरीसमोर सही झाली म्हणून साक्षांकनाची उणीव भरून निघत नाही. दुय्यम निबंधकाकडे ओळख पटवायला उभी राहिलेली दोन माणसं म्हणजेच मृत्युपत्राचे साक्षीदार, असंही आपोआप होत नाही.

नोंदणीकृत मृत्युपत्राला वजन असतं, पण ते अभेद्य नसतं. नंतर केलेलं साध्या कागदावरचं मृत्युपत्र सिद्ध झालं तर आधीचं नोंदणीकृत मागे पडतं, कारण शेवटचं तेच खरं. म्हणून ‘रजिस्टर आहे’ या दोन शब्दांनी कुणी घाबरून जायचं कारण नाही आणि कुणी निर्धास्तही राहू नये.

पहिल्या महिन्यात करायची कामं कंटाळवाणी आहेत, पण पुढचा निकाल बराचसा त्यांवरच ठरतो. मृत्यूचा दाखला महापालिकेकडून एकदम आठ-दहा प्रती घ्या. बँक, महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास (लेआउट आणि भूखंडांचं काम पाहणारी संस्था), वीज कंपनी, कोर्ट, सगळ्यांना लागतो. मृत्युपत्राची छायाप्रत मागा आणि मूळ कागद डोळ्यांनी पाहा. मूळ दाखवायला टाळाटाळ झाली तर लेखी नोटीस पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. मृत्युपत्र आपल्याला पहिल्यांदा कधी दाखवलं ती तारीख वहीत लिहा. ते आपल्यावर बंधनकारक नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायला मुदत तीन वर्षांची असते आणि हा काळ कधीपासून मोजायचा यावरच पुढे वाद पेटतो.

नोंदणीकृत मृत्युपत्र असेल तर ते निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये नोंदलेलं असतं. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते. ‘तुमचा संबंध काय?’ असं खिडकीवर विचारलं तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ कडे बोट दाखवायचं. शहरात सह दुय्यम निबंधकांची कार्यालयं अनेक आहेत आणि मृत्युपत्र घराजवळच्याच कार्यालयात नोंदलं असेल असं नाही. शोध घेताना वडिलांच्या नावाचे सगळे अवतार शोधा, आडनाव आधी, नाव आधी, आद्याक्षरांसह. या शोधात कधी कधी आधीचं, वेगळ्याच वाटणीचं मृत्युपत्रही हाती लागतं आणि दाव्याचा रंग पालटतो. मन बदललं, तर ते का बदललं, हे आता समोरच्याला सांगावं लागतं.

दुसरी जमवाजमव तब्येतीच्या कागदांची. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत उपचार झाले असोत, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात, भरतीचे केस पेपर, नर्सच्या नोंदी, औषधांची यादी लवकर मागून घ्या. जुने कागद शोधायला दिवसेंदिवस अवघड होत जातं. मृत्युपत्राच्या तारखेच्या मागचे-पुढचे तीन महिने सगळ्यांत मोलाचे. त्या आठवड्यात पेशंट गुंगीच्या औषधावर होता का, स्वतः जेवत होता का, माणसं ओळखत होता का, हे डॉक्टरच्या एका ओळीच्या दाखल्यापेक्षा नर्सच्या नोंदीत स्पष्ट दिसतं. ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असा दाखला देणारा डॉक्टर त्यांना आधीपासून तपासत होता की त्याच दिवशी पहिल्यांदा भेटला, हेही पाहा.

तिसरी जमवाजमव सह्यांची. हस्ताक्षरतज्ज्ञाला तुलनेसाठी निर्विवाद सह्या लागतात, त्याही त्याच काळातल्या. वीस वर्षांपूर्वीच्या विक्रीपत्रावरची ठसठशीत सही आणि ऐंशीव्या वर्षीची थरथरती सही यांची तुलना करून काही निघत नाही. नागपुरात निवृत्त सरकारी नोकर, रेल्वेवाले, कोळसा खाणींतले लोक भरपूर. पेन्शनर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतो. तो कागदी असेल तर त्यावरची सही सालवार मिळते. बँकेचं नमुना सही कार्ड, चेक, मुदत ठेवीचे अर्ज हेही कोर्टामार्फत मागवता येतात. दोन-तीन सह्यांवर भागवू नका, दहा-बारा जमवा.

आता मालमत्तेचे कागद. नागपूरची गुंतागुंत इथे सुरू होते. जुन्या शहरातलं घर असेल तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढायची. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची असेल तर भाडेपट्टा शोधायचा आणि त्यातल्या हस्तांतराच्या अटी वाचायच्या. लेआउटमधला प्लॉट असेल तर सोसायटीचं विक्रीपत्र, सुधार प्रन्यासचं आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र), डिमांड भरल्याच्या पावत्या. प्रन्यासनं भाडेपट्ट्यानं दिलेला भूखंड असेल तर नामांतराची फाइल तिथेच चालते. फ्लॅट असेल तर एक गोष्ट आधी पाहा. नागपुरातल्या बऱ्याच इमारती सहकारी संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालच्या आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. सहकारी संस्थेचे नॉमिनीचे नियम तिथे लावत बसलात तर महिनोन्महिने वाया जातात. शेतीसाठी सातबारा, आठ-अ आणि मागे जाता येईल तेवढे जुने फेरफार.

जुने फेरफार हवेत, कारण मृत्युपत्रानं जेवढं दिलं तेवढं देण्याचा अधिकार मुळात होता का, हा प्रश्न त्यांतून सुटतो. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द घरोघरी फार ढिला वापरला जातो. आजोबांकडून आलं म्हणजे वडिलोपार्जित, असा समज. हिंदू वारसा अधिनियम १७ जून १९५६ ला लागू झाला. आजोबा त्यानंतर मृत्युपत्र न करता वारले आणि त्यांची स्वतःची मालमत्ता कलम ८ प्रमाणे वडिलांच्या वाट्याला आली, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते, नातवंडांना त्यात जन्मतः हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे सांगितलं. आजोबांच्या मृत्यूची तारीख त्यामुळे दाव्यातली सगळ्यांत महागडी तारीख ठरू शकते.

मालमत्ता खरोखर एकत्र कुटुंबाची असेल तर हिशेब असा बसतो. वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडील २०१९ मध्ये गेले. मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असं धरायचं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार आहे आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा निकालानं ऑगस्ट २०२० मध्ये पक्कं केलं. म्हणजे वडील, दोन मुलगे, मुलगी आणि आपल्याकडच्या रीतीनं वाटणीत बरोबरीचा हिस्सा घेणारी आई, असे पाच वाटे. वडिलांच्या हाती फक्त एक पंचमांश. मृत्युपत्र नसतं तर तो पंचमांश चौघांत वाटला जाऊन प्रत्येकाकडे एकूण पाव हिस्सा आला असता. ‘सगळं थोरल्याला’ असं मृत्युपत्र सिद्ध झालं तरी थोरल्याला दोन पंचमांश मिळतात, बाकी तिघांचा प्रत्येकी एक पंचमांश शाबूत राहतो. मृत्युपत्र हरलो म्हणजे सगळं गेलं असं समजून घरी बसणाऱ्या बहिणींनी हा हिशेब आधी मांडून पाहावा. तसंच, मृत्युपत्र नसताना आजी हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस आहे, आजोबा नाहीत. वारसांच्या यादीतून आजी हटकून सुटते.

इथे नेहमी विचारला जाणारा प्रश्न: आम्ही बौद्ध, आम्हाला हा कायदा कसा? हिंदू वारसा अधिनियम कलम २ नुसार बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र केंद्र सरकारच्या वेगळ्या अधिसूचनेशिवाय तो लागू होत नाही, म्हणून गोंड कुटुंबाची फाइल वेगळ्या वाटेनं जाते. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. ते प्रकरण स्वतंत्रपणेच बघायला हवं.

ज्याच्या हाती मृत्युपत्र आहे तो पहिली धाव घेतो ती नोंदीकडे. गावात पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज जातो आणि शहरात नगर भूमापनकडे. फेरफाराची नोटीस निघते. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली तर नोंद वादग्रस्त म्हणून तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. हरकत तोंडी सांगून उपयोग नाही. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अंत्यविधीला धावपळ करणारा, सगळ्या सह्या घेणारा भाऊ ‘वारस नोंदीसाठी आहे’ म्हणून कागद पुढे करतो, तेव्हा वरची ओळ वाचा. तिथे ‘संमतिपत्र’ किंवा ‘हक्कसोड’ लिहिलेलं असेल तर पेन खाली ठेवा. गावातली नोंद विरुद्ध गेली तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील आहे. त्यातच सगळी ताकद घालवू नका, कारण फेरफारानं मालकी येतही नाही आणि जातही नाही. मृत्युपत्रावरून वाद असेल तर हक्क दिवाणी न्यायालयातच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये जितेंद्र सिंग प्रकरणात पुन्हा सांगितलं आहे.

बँकेतलं नॉमिनेशन हेही असंच. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. विम्याबाबत १९८३ च्या सरबती देवी निकालात आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ च्या शक्ती यझदानी निकालात हेच आहे. (विम्यात २०१५ नंतर आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांना केलेलं नॉमिनेशन वेगळं वागवलं जातं, तेवढा भाग पॉलिसीचे पैसे कधी देय झाले ते पाहून ठरवावा.) नॉमिनी नसेल तर मोठ्या रकमेच्या ठेवी आणि शेअर्ससाठी बहुधा उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागतं. ते घरासाठी किंवा शेतीसाठी चालत नाही. तरीही त्याच अर्जात घर घुसवलेले अर्ज नेहमी दिसतात.

आता दावा. नागपुरात हिंदू, बौद्ध किंवा जैन माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, सक्ती कधीच नव्हती. ती जुन्या कायद्यात मुख्यतः मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांपुरती होती. इथे मृत्युपत्राचा वाद बहुधा वाटणीच्या दाव्यातच लढला जातो. बहीण किंवा धाकटा वाटणी आणि ताबा मागतो, थोरला लेखी जबाबात मृत्युपत्र पुढे करतो आणि ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. हे नीट समजून घ्या. मृत्युपत्र खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, ते खरं आहे हे आणणाऱ्यानं सिद्ध करायचं असतं. पण ‘सही बनावट’, ‘दबाव टाकला’ असे ठाम आरोप तुम्ही केलेत तर ते मात्र तुमच्यावर येतात. नवखा वकील रागाच्या भरात चारही आरोप एकत्र लिहितो: सही खोटी, वडील बेशुद्ध, दबाव टाकला, फसवून घेतली. सही खोटी असेल तर फसवून घेतली कशी? असं लिहिलेलं उलटतपासात आपल्याच गळ्यात येतं. उपलब्ध कागद पाहून एक भूमिका घ्या आणि तिच्यावर टिका.

दाव्यात सगळे वारस आणि सगळ्या मालमत्ता आणा. एक प्लॉट विसरला तर अपुऱ्या वाटणीची हरकत येते, एक मृत बहिणीची मुलं विसरली तर पक्षकार अपुरे. दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, कारण दावा चालू असताना घर विकलं जाण्याची भीती खरी असते. प्रथमदर्शनी हक्क, सोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान, या तीन गोष्टी कोर्ट पाहतं. ‘जैसे थे’ आदेश मिळाला की त्याची प्रत निबंधकाला, सुधार प्रन्यासला, नगर भूमापनला पोचवा. दावा प्रलंबित असल्याची नोटीस, लिस पेंडन्स, निबंधकाकडे नोंदवून टाका म्हणजे घेणाऱ्याच्या शोधात ती दिसते. नागपूरच्या वर्तमानपत्रांत जमिनीच्या जाहीर नोटिसा रोज छापून येतात. आपला खसरा (सर्व्हे) किंवा प्लॉट नंबर त्यांत दिसतो का, यावर घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवावं. विरुद्ध बाजू आपल्या अपरोक्ष एकतर्फी आदेश घेईल असं वाटत असेल तर कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस टिकतं, पुढे नवं लावावं लागतं.

मग मुद्दे निघतात, शपथपत्रं येतात आणि एक दिवस मृत्युपत्राचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. कायद्याप्रमाणे हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला बोलवावंच लागतं. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. मृत्युपत्र तीस वर्षांहून जुनं असलं तरी यातून सुटका होत नाही. उलटतपास साधारण असा चालतो.

‘तुमची सही कुठे घेतली?’

‘कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे.’

‘मृत्युपत्र करणारे तेव्हा कुठे होते?’

‘गाडीत बसून होते. त्यांच्या पायाला सूज होती, साहेब.’

‘म्हणजे तुम्ही सही केली तेव्हा ते तुमच्यासमोर नव्हते?’

‘गाडी जवळच होती.’

साक्षीदार खोटं बोलत नाही. सूज खरी, गाडीही खरी. पण आता प्रश्न उरतो तो गाडीच्या काचेतून टायपिस्टचं टेबल दिसत होतं का. कलम ६३ मधला ‘समक्ष’ हा शब्द इथे येऊन बसतो. वीस पावलांचं अंतर आणि मधली टपरी यांवर घर जाऊ शकतं. सही घेताना कुणी एक स्टूल गाडीपाशी नेलं असतं तर हा प्रश्नच उठला नसता.

दुसरी खाच याहून बारीक आहे. पहिला साक्षीदार सांगतो, ‘त्यांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली.’ विचारतात, दुसऱ्या साक्षीदारानं कधी केली? ‘तो नंतर आला असेल, मला माहीत नाही.’ दोघांनी वेगवेगळ्या वेळी सही करायला हरकत नाही, पण मग दुसऱ्याची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष झाली हे कोण सांगणार? एकानंच साक्ष द्यायची असेल तर त्याला दोन्ही सह्यांबद्दल सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर दुसऱ्यालाही बोलवावं लागतं. जानकी भोईर विरुद्ध नारायण कदम या २००२ च्या महाराष्ट्रातल्या प्रकरणात नेमकं हेच निर्णायक ठरलं. दुसरा साक्षीदार हयात होता, बोलवला नाही, मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. शपथपत्र तयार करताना ही दोन वाक्यं राहून जातात, कारण टायपिस्टकडच्या जुन्या नमुन्यात ती नसतात.

साक्षीदार बहुधा वडिलांच्याच वयाचे, सकाळी बागेत फिरायला येणारे मित्र असतात. दावा पुराव्यापर्यंत पोचेस्तोवर ते राहतील याची खात्री नाही. मृत्युपत्राच्या बाजूनं लढणाऱ्यानं दावा लागल्याबरोबर अर्ज देऊन साक्षीदाराची साक्ष आधी नोंदवून घ्यावी. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १८, नियम १६ यासाठीच आहे. अंथरुणाला खिळलेला असेल तर कोर्ट कमिशनर घरी जाऊन साक्ष घेतो. दोन्ही साक्षीदार वारले तर किमान एकाची सही आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारा माणूस आणून भागवावं लागतं आणि तो पुरावा पातळच असतो.

कागद स्वतःही बोलतो. मूळ मृत्युपत्र कोर्टात दाखल झालं की पाहणीची परवानगी घेऊन ते शांतपणे पाहा. शेवटच्या पानावर स्टेपलची चार भोकं आणि आधीच्या दोन पानांवर दोनच? मग आधीची पानं नंतर बदललेली असू शकतात. शेवटच्या पानावर मजकुराच्या ओळी खाली येता येता एकमेकींना चिकटल्या आहेत आणि सही मात्र ऐसपैस आहे, तर सही आधी आणि मजकूर नंतर अशी शंका येते. पेनानं प्लॉट नंबर दुरुस्त केला आणि शेजारी करणाऱ्याची व साक्षीदारांची सही नाही, तर ती दुरुस्ती धरली जात नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, पण कुणी हौसेनं वापरला असेल तर त्यामागचा विक्रीचा दिनांक आणि विक्रेत्याचा क्रमांक पाहा. मृत्युपत्रावर फेब्रुवारीची तारीख आणि स्टॅम्पवर एप्रिलचा शिक्का असेल तर पुढचं काही विचारावं लागत नाही.

अशा गोष्टींना कायद्यात संशयास्पद परिस्थिती म्हणतात आणि ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र आणणाऱ्यावर असते. एच. वेंकटाचला अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्माजम्मा हा निकाल आजही प्रत्येक युक्तिवादात वाचला जातो. लाभ घेणाऱ्यानंच वकील गाठला, गाडी केली, साक्षीदार आणले, हे त्यातलं ठळक उदाहरण. बायकोला एक खोलीही न ठेवणं, ज्या मुलीकडे शेवटची वर्षं काढली तिचं नावही न घेणं, हेही त्यात बसतं. न देणं वेगळं आणि उल्लेखच नसणं वेगळं. ‘मुलीला लग्नात दिलं आहे, तिचा राग नाही’ एवढी ओळ असती तर कोर्टाला बापाचं मन दिसलं असतं. उल्लेख नसला की कोर्टाला शंका येते की हे मन बापाचं आहे की मजकूर सांगणाऱ्याचं.

तडजोडीचा विषय साक्षीपुराव्याआधी निघाला तर सगळ्यात बरा. उलटतपासात भावानं बहिणीला कोर्टात काय काय विचारलं ते कुणी विसरत नाही, नंतर एका टेबलाशी बसवणं फार कठीण जातं. न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्री पक्षकाराला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन १५१०० आहे. मध्यस्थीत ठरलं किंवा लोकअदालतीत निवाडा झाला तर त्यावर अपील नसतं, म्हणून लिहिताना घाई नको. ‘बहिणीला योग्य रक्कम देण्यात येईल’ असं लिहिलेला तडजोडनामा हा नवा दावाच असतो. रक्कम, तारीख, चेक क्रमांक, न वटल्यास काय, घराचा ताबा कोणत्या दिवशी, आईनं कुठे राहायचं आणि तिचा दवाखाना कोण बघेल, हे सगळं त्यात हवं. हक्कसोडपत्र करायचं ठरलं तर ते नोंदणीकृतच लागतं. पैसे खात्यात जमा झाल्याचं पाहिल्यावर निबंधकासमोर अंगठा द्यावा, आधी नाही.

तडजोड झाली नाही तर प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात कुणाचा किती हिस्सा एवढंच ठरतं. लोक पेढे वाटतात आणि इथेच फाइल बंद करतात, ही फार महागात पडणारी चूक आहे. अंतिम हुकूमनाम्यासाठी पुढे पाठपुरावा करावा लागतो. घरासाठी कोर्ट कमिशनर येऊन मोजणी करतो, पाच हिश्शांत घर फुटत नसेल तर विक्रीचा किंवा एकानं बाकीच्यांचे हिस्से विकत घेण्याचा पर्याय मांडतो. सरकारला सारा देणाऱ्या शेतीची वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथून भूमी अभिलेखच्या मोजणीला. अंतिम हुकूमनामा स्टॅम्पवर उतरवून घ्यायचा, नक्कल विभागातून प्रमाणित प्रती काढायच्या आणि मग पुन्हा त्याच खिडक्या: नगर भूमापन, सुधार प्रन्यास, महापालिकेचा कर विभाग, पटवारी. आखीव पत्रिकेवर बहिणीचं नाव चढलं की तिची ताजी नक्कल घ्यायची, नावाचं स्पेलिंग आधारशी ताडायचं आणि चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्यायचा.